कोळशाची बॉक्सएन वॅगन: एचओ मापात मालडबा आणि त्यातला माल कसा घडवायचा

मॉडेल रेल्वेसाठी मालडब्याचं मॉडेल करायचं ठरलं की बहुतेक जण डब्याच्या भिंतींपासून सुरुवात करतात आणि माल शेवटी, उरलेल्या वेळात, काळ्या रंगाचा भुसा चिकटवून उरकतात. माझं मत ठाम आहे: माल आधी ठरवा. डब्यात काय भरलं जातं, कोणत्या यंत्राने भरलं जातं आणि कुठे, कसं रिकामं होतं, एवढं कळलं की डब्याचा रंग कुठे उडालेला असेल, पत्रा कुठे फुगलेला असेल, गंज कुठे साचला असेल आणि मालाची उंची किती असेल हे सगळं आपोआप ठरतं. त्याशिवाय केलेला डबा कितीही नेटका असला तरी कारखान्यातून नुकताच बाहेर पडल्यासारखा दिसतो.

या लेखासाठी मी भारतीय रेल्वेची बॉक्सएन वॅगन घेतली आहे. विदर्भात वणी, माजरी, घुग्गुस, बल्लारपूर या पट्ट्यात वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स) खाणींमधून कोळसा घेऊन वीज केंद्रांकडे जाणारे रेक, म्हणजे एकसंध जोडलेल्या वॅगनच्या मालगाड्या, ज्याने पाहिल्यात, त्याला ही वॅगन वेगळी ओळखून द्यावी लागत नाही. नावातला बी म्हणजे बोगीवर, म्हणजे चार चाकांच्या वळत्या चौकटीवर, चालणारी, ओ म्हणजे उघडी, एक्स म्हणजे उंच भिंतींची आणि एन म्हणजे हवेच्या ब्रेकची. करायला ती सोपी आहे, कारण मुळात ती एक उघडी पेटी आहे. अवघडही आहे, कारण आतली बाजूसुद्धा दिसते.

मापं

एचओ म्हणजे मॉडेल रेल्वेतलं १:८७ हे प्रमाण. खऱ्या मापाला ८७ ने भागायचं. बॉक्सएनची मुख्य मापं आणि त्यांची मॉडेलमधली मापं अशी:

हेडस्टॉक (चौकटीच्या टोकाची आडवी तुळई) ते हेडस्टॉक लांबी ९,७८४ मिमी, मॉडेलमध्ये ११२.५ मिमी
कपलर (डबे जोडणारा आकडा) धरून लांबी १०,७१३ मिमी, मॉडेलमध्ये १२३.१ मिमी
आतली रुंदी २,९५० मिमी, मॉडेलमध्ये ३३.९ मिमी
बाहेरची एकूण रुंदी ३,२०० मिमी, मॉडेलमध्ये ३६.८ मिमी
आतली उंची १,९५० मिमी, मॉडेलमध्ये २२.४ मिमी
रुळापासून एकूण उंची ३,२२५ मिमी, मॉडेलमध्ये ३७.१ मिमी
दोन बोगींच्या मध्यबिंदूंमधलं अंतर ६,५२४ मिमी, मॉडेलमध्ये ७५ मिमी
बोगीतल्या दोन अक्षांमधलं अंतर २,००० मिमी, मॉडेलमध्ये २३ मिमी
चाकाचा व्यास १,००० मिमी, मॉडेलमध्ये ११.५ मिमी

एक तडजोड सुरुवातीलाच मान्य करावी लागते. एचओचे रूळ एकमेकांपासून १६.५ मिमी अंतरावर असतात. ते १,४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजशी जुळतात. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिमीचा, म्हणजे काटेकोर हिशेबाने रूळ १९.३ मिमी अंतरावर हवेत. असे रूळ स्वतः टाकणारे लोक आहेत, पण मग पॉइंट्सपासून (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे) चाकांपर्यंत सगळंच हाताने करावं लागतं. बाजूने पाहताना हा फरक जवळजवळ जाणवत नाही. पहिल्या वॅगनसाठी बाजारातले रूळ आणि बाजारातली चाकंच वापरा.

मापांइतकेच महत्त्वाचे फोटो. एकाच वॅगनचे दोन्ही बाजूंचे, दोन्ही टोकांचे आणि पुलावरून किंवा पादचारी पुलावरून वरून काढलेले फोटो जमवा. बॉक्सएन अनेक कारखान्यांत बनल्या, दुरुस्तीत पत्रे बदलले गेले, दारं कायमची बंद झाली. म्हणून उभ्या पट्ट्या आणि दारं मोजायची ती तुमच्या हातातल्या फोटोतल्या वॅगनवरून. फोटो सार्वजनिक जागेवरूनच काढा. साइडिंगमध्ये (माल चढवण्या-उतरवण्याच्या बाजूच्या रुळांवर) किंवा यार्डात विनापरवाना शिरू नका.

माल किती उंच भरायचा

इथे हिशेब करायला मजा येते. आतली लांबी, रुंदी आणि उंची गुणली की आतलं घनफळ साधारण ५६.३ घनमीटर येतं. बॉक्सएनची मूळ क्षमता ५८.८१ टन. सैल कोळशाचा एक घनमीटर साधारण ८०० ते ९०० किलो भरतो. म्हणजे वॅगन काठोकाठ भरली तरी ४८ टनांच्या आसपासच कोळसा मावतो. उरलेले दहा टन काठाच्या वर ढिगाच्या रूपात जातात. वॅगनच्या तळाचं क्षेत्रफळ २८.९ चौरस मीटर आहे, त्यावर हे दहा टन पसरले तर सरासरी ४० सेंटिमीटर उंची होते. मॉडेलमध्ये हे साडेचार-पाच मिलिमीटर. ढिगाचा माथा याहून उंच आणि कडा काठाच्या जरा खाली, कारण कडेपर्यंत भरलेला कोळसा धक्क्याने सांडतो.

आता याच वॅगनमध्ये लोहखनिज भरा. त्याचा घनमीटर अडीच टनांच्या घरात. ५८ टनांना साडेतेवीस घनमीटर जागा पुरते, म्हणजे जेमतेम ८० सेंटिमीटर उंची, मॉडेलमध्ये साडेनऊ मिलिमीटर. वॅगनच्या निम्म्यापेक्षाही कमी! म्हणूनच खनिजाचा रेक बाजूने पाहिला तर रिकामा वाटतो. मॉडेलमध्ये काठापर्यंत भरलेलं लाल खनिज दिसलं की जाणत्या माणसाला ते लगेच खटकतं. बांधकामाची गिट्टी या दोन्हींच्या मध्ये बसते, मॉडेलमध्ये १५ मिलिमीटरच्या आसपास. पुढच्या काळात रेल्वेने जादा भाराची मुभा दिली, त्यामुळे या आकड्यांत थोडी वाढ धरली तरी चालेल. आपसातलं प्रमाण तेच राहतं.

उंचीनंतर आकार. साइडिंगवर पेलोडरने, म्हणजे पुढे मोठी बकेट असलेल्या यंत्राने, भरलेल्या वॅगनमध्ये प्रत्येक बकेटचा वेगळा ढीग पडतो, म्हणून वरून पाहताना तीन-चार उंचवटे आणि त्यांच्यामध्ये खोलगट जागा दिसतात. भरणी एका बाजूने झालेली असते, त्यामुळे उंचवटे मध्यरेषेपासून जरा एका अंगाला सरकलेले असतात. सायलोखालून, म्हणजे कोळशाच्या उंच कोठाराखालून, हळू सरकत भरलेल्या वॅगनमध्ये मात्र माल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग, सपाट माथ्याचा आणि दोन्ही बाजूंना उतरता असतो. एका रेकमध्ये दोन्ही प्रकार मिसळू नका. रेक एकाच ठिकाणी भरलेला असतो.

साहित्य

भिंतींसाठी ०.७५ मिमी आणि तळासाठी १ मिमी जाडीची पॉलिस्टायरीन शीट घ्या. परदेशी ब्रँडची पाकिटं महाग पडतात. पॅकेजिंगचे साचे बनवणाऱ्यांकडे हीच शीट हिप्स या नावाने मोठ्या तावांत मिळते आणि काम उत्तम होतं. सनबोर्ड वापरू नका, त्याच्या कडा भुसभुशीत राहतात आणि बारीक पट्ट्या तुटतात. जोडायला प्लॅस्टिक मॉडेलचं पातळ सिमेंट, तामियाचं किंवा तत्सम. नुसत्या अ‍ॅसिटोनने पातळ शीट वितळून वाकडी होते. खिडक्या उघड्या ठेवा, कारण या द्रावणांची वाफ डोक्यात जाते.

बाकी लागतं ते असं: स्टीलची पट्टी, गुण्या, बदलत्या पात्याचा कटर, बारीक पॉलिश पेपर, ०.३ आणि ०.४ मिमीची तांब्याची किंवा पितळेची तार (जुन्या केबलच्या तारा चालतात), लहान पिनव्हाइस (हाताने फिरवायचं बारीक ड्रिल) आणि काचेचा एक सपाट तुकडा. काचेवर जोडलेली पेटी वाकडी होत नाही.

पेटी

तळ १११ गुणिले ३३.९ मिमी कापा. बाजू ११२.५ मिमी लांब आणि २३.४ मिमी उंच, म्हणजे आतल्या २२.४ मध्ये तळाची एक मिलिमीटर जाडी मिळवलेली. टोकं ३३.९ मिमी रुंद, बाजूंइतकीच उंच. ती दोन बाजूंच्या मध्ये बसतात. ०.७५ च्या दोन भिंती धरून रुंदी ३५.४ मिमी होते आणि दोन्ही बाजूंच्या उभ्या पट्ट्या ०.७ मिमी बाहेर आल्या की ३६.८ ची एकूण रुंदी बरोबर जुळते. हा योग साधला म्हणूनच ०.७५ ची शीट निवडली आहे.

शीट आरपार कापायचा हट्ट धरू नका. हलक्या हाताने दोन-तीन वेळा पातं फिरवा आणि मग वाकवून मोडा. कड सरळ येते. दोन्ही बाजू एकावर एक ठेवून कडा एकत्र घासा म्हणजे त्यांची मापं तंतोतंत सारखी होतात.

पट्ट्या पेटी जोडण्याआधी लावा. बाजू टेबलावर आडवी असताना पेन्सिलने सगळ्या उभ्या पट्ट्यांच्या जागा आखा, मधली आधी लावा, मग टोकाच्या आणि शेवटी उरलेल्या. सलग एका टोकाकडून लावत गेलात तर छोटी चूक साठत जाते आणि शेवटची पट्टी भलत्याच जागी येते. खालच्या भागातली दारं ०.२५ मिमी शीटच्या तुकड्यांनी दाखवा, बिजागऱ्या बारीक पट्टीच्या तुकड्यांनी.

खरा पत्रा पाच-सहा मिलिमीटर जाड असतो. एचओमध्ये तो कागदापेक्षाही पातळ व्हायला हवा, तर आपली भिंत पाऊण मिलिमीटरची. ही जाडी वरच्या काठावर उघडी पडते. सुदैवाने बॉक्सएनच्या काठावर चारही बाजूंनी जाड कोपिंग, म्हणजे काठ मजबूत करणारी पट्टी, फिरलेलं असतं. भिंतीची वरची कड आतून पॉलिश पेपरने थोडी निमुळती करा आणि बाहेरून कोपिंगची पट्टी लावा, म्हणजे नजर फसते.

जुन्या वॅगनची खरी ओळख फुगलेल्या पत्र्यांत आहे. वर्षानुवर्षं मालाचा दाब सोसून दोन पट्ट्यांमधला पत्रा बाहेर येतो. हे दाखवायचं तर पट्ट्या लावण्याआधी त्या-त्या चौकटीत आतल्या बाजूने गरम चमच्याचा मागचा भाग हलकेच टेकवून दाबा. चमचा गरम पाण्यातून काढलेला असावा, ज्योतीवर तापवलेला नको. सगळ्या चौकटी सारख्या फुगवू नका. चार-पाच पुरतात, बाकी जवळजवळ सपाट.

जोडणी काचेवर, गुण्या लावून. एक बाजू आणि एक टोक आधी, दुसरी बाजू आणि दुसरं टोक स्वतंत्र, मग हे दोन काटकोन तळाभोवती एकत्र आणा. सिमेंट सुकायला रात्रभर द्या.

खालची बाजू

उघड्या वॅगनचं पोट मॉडेलमध्ये दुर्लक्षित राहतं. पण रूळ टेबलावर, म्हणजे नजरेच्या जवळ असतात, त्यामुळे बाजूने वॅगनखालून आरपार उजेड दिसतो आणि तिथे काय आहे, काय नाही हे लगेच कळतं. मधोमध एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा सेंटर सिल, म्हणजे मुख्य तुळई, आधी बसवा, पोकळ ठेवून. त्यात वजन लपवायचं आहे. मग बोगींवरचे आडवे बोल्स्टर (भार पेलणाऱ्या तुळया) आणि मधले आडवे आधार.

ब्रेकची सामग्री तीन मुख्य भागांची: ३५५ मिमी व्यासाचा ब्रेक सिलिंडर, मॉडेलमध्ये ४ मिमीची नळी, १०० लिटरची सहायक टाकी, आणि त्यांच्या जवळचा डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व्ह, ज्यासाठी शीटचे दोन-तीन छोटे तुकडे एकावर एक चिकटवले की पुरे. बॉलपेनच्या रिफिलचे तुकडे सिलिंडरसाठी चालतात, दोन्ही तोंडं शीटच्या गोल चकत्यांनी बंद करा. टोकापासून टोकापर्यंत ब्रेक पाइप ०.४ मिमी तारेचा, कपलरजवळ वळण घेऊन रबरी होजपाइपात संपणारा. बाजूला हातब्रेकचं चाक. ही एवढी मंडळी जागेवर आली की पोट जिवंत होतं. लिव्हर आणि रॉड यांचं संपूर्ण जाळं करायची गरज नाही, बाजूने दिसतात तेवढेच करा.

बोगी आणि चाकं

बॉक्सएनखाली कॅसनब बोगी असते: ओतीव पोलादाच्या दोन बाजूच्या चौकटी, मध्ये बोल्स्टर आणि दोन्ही बाजूंना स्प्रिंगांचे पुंजके. बाजारातल्या अमेरिकन मालडब्यांच्या बोगी दिसायला जवळच्या आहेत, पण त्यांचं अक्षांतर २३ मिमीपेक्षा कमी, साडेवीसच्या आसपास असतं. दुरून खपतं. डोळ्याला खटकत असेल तर रेझिन थ्रीडी प्रिंटिंगवर २३ मिमीची चौकट छापून घ्या. पुण्या-मुंबईत असं छापून देणारे सहज सापडतात. छापायला देण्याआधी तुमच्याकडच्या अक्षाची टोकापासून टोकापर्यंत लांबी व्हर्नियरने मोजा. वेगवेगळ्या ब्रँडचे अक्ष वेगवेगळ्या लांबीचे असतात, आणि अर्धा मिलिमीटर चुकला की चाक एकतर अडकतं किंवा खाली पडतं. रेझिन लवकर झिजतं, म्हणून अक्षांच्या टोकांसाठी पितळी बेअरिंग कप बसवा.

चाकं १०.५ किंवा ११ मिमी व्यासाची, धातूची. प्लॅस्टिकची चाकं रुळावर घाण पसरवतात. दोन चाकांच्या आतल्या अंगांमधलं अंतर साधारण साडेचौदा मिलिमीटर हवं, ते प्रत्येक अक्षावर गेजने तपासा. पॉइंटवर वॅगन घसरण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं.

बोगी बसवताना एक स्क्रू जरा सैल ठेवा म्हणजे ती बोगी सगळ्या दिशांना डोलेल. दुसरी इतकी घट्ट की ती फक्त वळेल आणि पुढे-मागे झुकेल, आडवी डोलणार नाही. वॅगन तीन बिंदूंवर उभी राहिल्यासारखी होते आणि खालीवर असलेल्या रुळावरही चारही अक्ष टेकून राहतात.

कपलरसाठी केडी ब्रँडचा किंवा त्या धर्तीचा नकल कपलर घ्या, आपल्या सीबीसीशी (सेंटर बफर कपलर) तो बराच मिळताजुळता आहे. उंचीचा प्रश्न सोडवावा लागेल. खऱ्या सीबीसीची मध्यरेषा रुळापासून १,१०५ मिमीवर, म्हणजे मॉडेलमध्ये १२.७ मिमी, तर अमेरिकन एचओचं प्रमाण ९.९ मिमी. तुमचा सगळा रेक भारतीय असेल आणि इंजिनही तुम्ही स्वतः बदलणार असाल तर १२.७ वरच ठेवा, टोकाचा चेहरा खरा दिसतो. बाजारातलं इंजिन जसंच्या तसं जोडायचं असेल तर डोकं खाली झुकलेल्या प्रकारचा कपलर लावून ९.९ वर आणा. कोणतीही उंची निवडा, पण सगळ्या वॅगनना एकच, गेज लावून.

वजन

अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस एचओसाठी अशी: एक औंस, अधिक डब्याच्या लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. बॉक्सएन साडेचार इंचांच्या जरा आत, म्हणजे सगळं मिळून ९० ग्रॅम. मासेमारीच्या गळाची शिशाची वजनं किंवा लोखंडी वॉशर वापरा, शिसं हाताळल्यावर हात धुवा. वजन मध्यभागी एकवटू नका, दोन्ही बोगींवर सारखं वाटा. रेकमध्ये भरलेल्या वॅगनमधला माल उचलून काढायचा बेत असेल तर रिकाम्या वॅगनचं वजनच ७५-८० ग्रॅमवर न्या आणि माल हलका ठेवा. नाहीतर रिकामा रेक वळणावर आतल्या बाजूला कलंडतो.

रंग आणि अक्षरं

आधी गरम पाणी आणि भांडी घासायच्या साबणाने वॅगन धुवा, बोटांचं तेल निघायला हवं. मग राखाडी प्रायमर, त्यावर तांबूस-तपकिरी ऑक्साइड रंगाचे दोन पातळ थर. जाड थर दिला की बिजागऱ्या आणि रिव्हेट बुडतात. स्प्रेच्या डब्यातला रंग चालतो, पण हात सतत हलता हवा. आतली बाजू निराळी रंगवायची आहे, ती सध्या फक्त प्रायमरवर सोडा.

पांढरी अक्षरं हा कठीण भाग, कारण घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. दोन मार्ग आहेत. पांढऱ्या छपाईचे डीकल, म्हणजे पाण्याने चिकटवायचे पातळ छाप, करून घेणं हा पहिला. दुसरा कमी खर्चाचा: पातळ कागदावर भोवतीचा तांबूस रंग छापायचा आणि अक्षरांची जागा कोरी सोडायची, म्हणजे कागदाचा पांढरा रंगच अक्षर बनतो. हे पॅनल दोन पट्ट्यांच्या मधल्या चौकटीच्या मापाने कापून चिकटवा. रंग पूर्ण जुळणार नाही, पण त्यावरून धूळ आणि गंज फिरला की सीमा दिसेनाशी होते. कडा कापून झाल्यावर तपकिरी रंगाने पुसा, नाहीतर कागदाची पांढरी रेघ राहते.

वॅगनवर रेल्वेचं संक्षिप्त नाव, बॉक्सएन हा प्रकार, रिकामं वजन २२.४७ टन, क्षमता, आणि दुरुस्तीच्या तारखा असतात. नंबर मात्र मनाने टाकू नका, कारण त्यात रचना आहे. तो अकरा आकडी असतो. पहिले दोन आकडे वॅगनच्या प्रकाराचे, उघड्या वॅगनसाठी १० ते २९ हा पट्टा. पुढचे दोन मालक रेल्वेचे, मध्य रेल्वेचा ०१. पुढचे दोन बांधणीच्या वर्षाचे, मग चार आकडी अनुक्रमांक आणि शेवटी पडताळणीचा आकडा. तो असा काढतात: पहिल्या दहा आकड्यांपैकी समस्थानांवरचे आकडे मिळवून तिनाने गुणायचे, त्यात विषमस्थानांवरचे आकडे मिळवायचे, आणि पुढच्या दहाच्या पटीपर्यंत जितके कमी पडतात तो अकरावा आकडा. उदाहरणार्थ १००१०८२३४५ घेतला तर समस्थानं ०, १, ८, ३, ५, बेरीज १७, तिप्पट ५१. विषमस्थानं १, ०, ०, २, ४, बेरीज ७. एकूण ५८. साठला २ कमी, म्हणून पूर्ण नंबर १००१०८२३४५२. प्रत्येक वॅगनला वेगळा आणि हिशेबात बसणारा नंबर द्या. ज्याला हे ठाऊक आहे त्याला तुमच्या रेकची काळजी अक्षरशः वाचता येते.

झीज आणि धूळ

इथे पुन्हा मालाकडे वळायचं. कोळशाची बॉक्सएन वीज केंद्रात टिप्लरवर रिकामी होते. वॅगन घट्ट धरून संपूर्ण उलटी केली जाते. त्यामुळे मार बसतो तो वरच्या कोपिंगला: रंग खरवडलेला, कड किंचित आत दबलेली, आणि त्यावर ताजा, नारिंगीकडे झुकणारा गंज. कोपिंगची कड दोन-तीन ठिकाणी कटरच्या पाठीने हलकीशी दाबा. पेलोडरने भरलेल्या वॅगनवर बकेट आपटल्याच्या खुणा एकाच बाजूला जास्त असतात, तीच बाजू जिकडे तुमचे ढीग झुकलेले आहेत. या दोन गोष्टी जुळल्या की वॅगनला इतिहास मिळतो.

कॅम्लिनचे अ‍ॅक्रिलिक रंग पुरेसे आहेत: बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, यलो ऑकर, काळा, पांढरा. क्रम असा ठेवा. मूळ रंगात थोडा पांढरा मिसळून मोठ्या चौकटींच्या मधोमध पुसट थर द्या, उन्हाने उडालेला रंग दिसतो. फोमच्या तुकड्याने बर्न्ट अंबरचे छोटे ठिपके, त्यांच्या आत त्याहून छोटे सिएनाचे ठिपके, म्हणजे गंजाला खोली येते. मग अंबर आणि काळा भरपूर पाण्यात मिसळून उभ्या पट्ट्यांच्या कडेने सोडा, तो कोपऱ्यात जाऊन बसतो. पावसाचे ओघळ वरून खाली, सरळ. आडवी रेघ कुठेही नको. प्रत्येक थर पूर्ण सुकू द्या.

बोगी आणि पोट काळपट तपकिरी, ब्रेकच्या भुकटीच्या रंगाचं. सुक्या पेस्टल खडूची पूड मऊ ब्रशने लावा आणि शेवटी मॅट व्हार्निश. चाकांचं रुळावर टेकणारं तोंड मात्र चकचकीत राहिलं पाहिजे, व्हार्निश मारताना ते झाका. बाजूच्या चौकटींवर पांढऱ्या पेन्सिलीने खडूचे दोन-तीन अस्पष्ट आकडे लिहा. ते अगदी लहान हवेत.

आतली बाजू रिकाम्या वॅगनसाठी वेगळा विषय आहे. खालचा दोन-तृतीयांश भाग कोळशाने घासून गडद, जवळजवळ धातूची झाक असलेला, वरचा भाग गंजलेला. टिप्लरमधून आलेल्या वॅगनच्या कोपऱ्यांत थोडा कोळसा चिकटून राहतो, तिथे चिमूटभर भुकटी पातळ फेविकॉलने बसवा. रेक जातो तितक्याच वेळा रिकामा परत येतो, म्हणून निम्म्या वॅगन तरी आतून पूर्ण करा.

कोळसा

कोळशाच्या मालासाठी खराच कोळसा वापरा. रंगवलेल्या भुश्याला ती चमक कधीच येत नाही. इथे एक काळजी: इस्त्रीवाल्याकडे मिळतो तो लोणारी कोळसा. तो लाकडाचा, हलका आणि निस्तेज असतो आणि फोडल्यावर त्यात लाकडाचे धागे दिसतात. आपल्याला दगडी कोळसा हवा. तो भट्टी चालवणाऱ्या लोहाराकडे मुठीभर मागितला तर मिळतो.

जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर जुना कपडा ठेवून हातोडीने फोडा. मास्क लावा. वीज केंद्रांना लागणारा कोळसा साधारण १०० मिमीपर्यंत फोडलेला असतो, एचओमध्ये तो एक मिलिमीटरच्या जरा वर. चहाच्या गाळणीने चाळा. वर राहील त्यातले मोठे खडे बाजूला काढा, खाली पडेल ते मैद्याच्या चाळणीतून पुन्हा चाळा. असे तीन ढीग होतील: एक-दीड मिलिमीटरचे खडे, बारीक रवाळ आणि भुकटी. खाणीतून थेट आलेला कोळसा दाखवायचा असेल तर अडीच-तीन मिलिमीटरचे थोडे खडे मिसळा.

मालाचा गाभा थर्माकोलचा किंवा फोमचा. तो वॅगनच्या आतल्या मापापेक्षा चारही बाजूंनी अर्धा मिलिमीटर लहान कापा, म्हणजे ११० गुणिले ३२.९ मिमीच्या आसपास. वर ठरवल्याप्रमाणे ढीग कोरा: पेलोडरची भरणी असेल तर तीन किंवा चार उंचवटे, उतार ३५ ते ४० अंशांचा. याहून उभा उतार सैल कोळशाचा राहत नाही. कडा काठाच्या दोन मिलिमीटर खाली. गाभा काळा रंगवा, स्प्रे वापरू नका, थर्माकोल विरघळतो. मधल्या उंचवट्यात वरच्या पृष्ठभागाजवळ एक लोखंडी नट पुरा, पुढे छोट्या चुंबकाने माल अलगद उचलून काढता येतो.

आता फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून गाभ्यावर जाडसर थर लावा, आधी रवाळ कोळसा पेरा आणि सुकू द्या. मग खडे. सैल भरणीत मोठे खडे घरंगळत ढिगाच्या पायथ्याशी जातात आणि माथ्यावर बारीक माल राहतो. तसेच पेरा, खडे खोलगट जागी आणि कडेला जास्त. शेवटी एकास तीन पाणी मिसळलेल्या फेविकॉलमध्ये भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून ड्रॉपरने वरून सोडा. साबणाशिवाय थेंब कोळशावर गोळा होऊन राहतो आणि खडे वाहून जातात. सुकायला दोन दिवस द्या. पांढरा दिसणारा गोंद सुकल्यावर पारदर्शक होतो. पावसाळ्यातला रेक करायचा असेल तर खोलगट जागी ग्लॉस व्हार्निशचे काही ठिपके द्या, ओला कोळसा असाच चमकतो.

प्रत्येक माल वेगळा कोरा. एकाच साच्यातून काढलेले दहा ढीग रेकमध्ये लगेच ओळखू येतात.

इतर माल

लोहखनिजासाठी जांभ्या दगडाची चाळलेली पूड उत्तम, त्यात थोडी काळपट भुकटी मिसळा. गाभा बसका, दोन ढिगांचा, वर काढलेल्या साडेनऊ मिलिमीटरच्या सरासरीने. लोखंडाचा कीस कधीही वापरू नका, तो सुटून इंजिनाच्या मोटरच्या चुंबकाला चिकटतो आणि मोटर निकामी होते. खनिजाच्या वॅगन आतून-बाहेरून लालसर धुळीने माखलेल्या असतात, त्यांच्यावर कोळशाची काळी झाक नको. गोव्याच्या मुरगाव बंदरातून ब्रागांझा घाट चढून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जाणारा आयात कोळसा करायचा असेल तर त्याच बॉक्सएनवर घाटातल्या पावसाचे ओघळ, हिरवट शेवाळाची अगदी पुसट छटा आणि मागे ढकलणारी बँकर इंजिनं, एवढ्याने मुलूख बदलतो. तिथला चढ १:३७ आहे, म्हणून तुमच्या रुळांवरही तेवढाच चढ दिलात तर वॅगनची वजनं आणि इंजिनाची ताकद खरोखर कसाला लागते.

रेक

पूर्ण रेक ५८ वॅगनचा. १२३.१ ने गुणलं तर सात मीटरांहून जास्त लांबी होते. घरच्या टेबलावर आठ ते बारा वॅगन पुरतात. पुढे एक डब्ल्यूएजी-७ किंवा डब्ल्यूएजी-९ हे मालगाडीचं विजेचं इंजिन आणि मागे गार्डचा ब्रेकव्हॅन. आपल्याकडे मालगाडी बहुतेक एकाच मालाची असते, म्हणून एक वॅगन कोळशाची आणि शेजारची गिट्टीची असं करू नका. वय मात्र मिसळा: दोन नुकत्या रंगवलेल्या, बहुतेक मध्यम, एखादी पत्रे बदललेली, जिचा एकच चौकोन ताज्या रंगाचा आहे.

चालवून पाहताना आधी प्रत्येक वॅगन एकटी, हाताने ढकलून, सगळ्यात तीव्र वळणावरून आणि पॉइंटवरून न्या. मग रेकमध्ये तिला इंजिनाच्या लगेच मागे लावा, कारण ओढ तिथेच सर्वाधिक असते, आणि सगळ्यात शेवटी मागे ढकलून पाहा. ढकलताना घसरणारी वॅगन बहुतेक वेळा वजनाला कमी असते किंवा तिचा कपलर एका बाजूला अडकत असतो. प्रत्येक मालाच्या गाभ्याखाली त्याच्या वॅगनच्या नंबरचे शेवटचे पाच आकडे लिहून ठेवा, म्हणजे चुंबकाने माल काढून रेक रिकामा परत पाठवल्यावर पुढच्या फेरीला ढीग आपापल्या वॅगनमध्ये, भरणीच्या खुणा असलेल्या बाजूलाच बसतील.